गुलमाराचं अंडं

सून अंथरुणावर पडून चहा मागते, ह्याबद्दल रखमाबाईंची तक्रार नव्हती. डॉक्टरीणबाईंनीच तिला पाय खाली टेकवायला मनाई केली होती. उशी सरळ करा म्हणते, पंखा कमी करा म्हणते, तेही त्यांनी गिळलं होतं. पण सातवा महिना लागलेली, चांगली एम.कॉम. झालेली बाई दिवसभर एका खेळण्यात तोंड खुपसून बसते, हाक मारली तर नुसतं ‘हं’ करते, आणि सासू ताट घेऊन उभी असली तरी मान वर करत नाही, हे मात्र फार झालं.

“आणि बोलते त्या खेळण्याशी!” ओटल्यावर चिंच निवडता निवडता त्या शेजारच्या कोकिलाबेनना सांगत होत्या. “नवऱ्याशी बोलत नाही एवढं त्याच्याशी बोलते.”

“अरे रखमाबा, ए तो रमकडुं छे, बीजुं शुं!” कोकिलाबेन हसल्या. “दिवसभर पडी रहेवानुं, तो टाइम कसा जाणार बिचारीचा?”

“खेळणी आमच्याकडेही होती हो. कापडाच्या बाहुल्या होत्या. पण बाहुली कधी आपल्याकडे डोळे वटारून बघत नव्हती.”

बडोद्याच्या कडेला, गोत्रीत नव्या झालेल्या सोसायटीतलं ते बैठं टेनामेंट. मागल्या बाजूला अजून एरंडीचं शेत होतं, पुढच्या बाजूला केबलवाल्याच्या तारा. शिलेदारांचं घराणं म्हणून रखमाबाईंची मान इथेही ताठ होती. सोसायटीतल्या पोरी त्यांच्यासमोरून जाताना दुपट्टा सारखा करत. मुलगा पृथ्वीराज रिफायनरीत पाळीवर जायचा. त्याच्या बरोबरचा कुणी सिंगापूरला जाऊन आला होता, त्याच्याकडून त्याने ते खेळणं बायकोसाठी आणलं. साबणाच्या वडीएवढं, वर लहानशी काच, खाली बटणं. ह्या सगळ्यात त्याचं चुकलं असं रखमाबाईंना म्हणता येईना. बायको रडत बसू नये एवढंच त्याला हवं होतं.

रडण्याचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी त्याचं नाव काढत नव्हतं. सुनेचं, नयनाचं, पहिलं पाचव्या महिन्यात गेलं. दुसरं सातव्यात. त्या खेपेला पाळणा आधीच खाली काढून पुसून ठेवला होता. तो परत माळ्यावर चढवताना पृथ्वीराज शिडीवरच थांबला, आणि त्याचे खांदे हलताना बघून रखमाबाई स्वैपाकघरात जाऊन उगीच भांडी घासत बसल्या. आता पुन्हा सातवा लागला होता. पाळण्याकडे ह्या वेळी कुणी बघतसुद्धा नव्हतं.

“दाखव बघू मला, काय एवढं आहे त्यात,” एका सकाळी रखमाबाई पलंगाच्या कडेला बसल्या.

नयनाचा चेहरा उजळला. सासूने कधी असं विचारलं नव्हतं. “हे बघा, आईसाहेब. ह्यात नाना तऱ्हेचे प्राणी असतात. डोंगरातले, जंगलातले, आगीतले. ते शोधायचे आणि आपल्याकडे जमवायचे. हा सगळ्यात दुर्मीळ. गुलमारा. समुद्राच्या तळाशी राहतो, कुणाच्या हाती लागत नाही.”

काचेत निळं पाणी होतं, आणि त्या पाण्यात एक काळं लांब काहीतरी. ओल्या दगडासारखं अंग, बगळ्यासारखी मान, कपाळावरून लोंबणारा एक पांढरा दिवा. डोळ्यांना पापण्या नव्हत्या. ते हलतही नव्हतं, नुसतं बघत होतं. रखमाबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला.

“हे तुझ्याकडे आहे?”

“ते नाही, त्याचं अंडं आहे. ही लाल टोपीवाली मुलगी आहे ना, तिच्या पाठीवरच्या पिशवीत. ती चालत राहिली की अंडं पिकत जातं आणि एक दिवस फुटतं.”

वाळूच्या काठाने ती बोटाएवढी मुलगी चालत होती. कडेला पोचली की वळायची, परत चालायची.

“निघाली कुठे ही?”

“कुठेच नाही. नुसती चालते,” नयना म्हणाली, आणि तिचा अंगठा बटणावरून हलला नाही.

हे एवढ्यावर राहिलं असतं. पण त्याच दुपारी, ऊन लागू नये म्हणून खोलीचे पडदे ओढलेले असताना, रखमाबाई ताकाचा पेला घेऊन दारापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. अंधारात नयनाच्या तोंडावर निळा उजेड पडला होता. एक हात खेळण्यावर, दुसरा पोटावर. आणि ती कुजबुजत होती.

“आत्ता नको हं. इतक्यात नको. अजून आतच राहा. मी आहे ना.”

कुणाला सांगत होती? पोटातल्याला की त्या पापण्या नसलेल्याला? आवाज एकच होता, लाडही एकच होता. 

हा उजेड रखमाबाईंनी पाहिला होता. खेळण्यातला नव्हे, विहिरीतला. पादऱ्याजवळच्या त्यांच्या माहेरी मळ्यात एक जुनी विहीर होती. तिच्या कोनाड्यात शेंदूर लावलेले सात दगड होते, साती आसरांचे. पाण्यातल्या बाया त्या. पाण्यावर राज्य त्यांचं. भरल्या पोटाच्या बाईने भर दुपारी तिथे जाऊ नये असा दंडक होता. रखमाबाईंची थोरली वहिनी गेली. काठावर बसून राहिली. परत आली ती पाण्याशीच बोलायला लागली. रांजणापाशी जायची, आत वाकून कुजबुजायची, आणि रांजणातल्या पाण्याचा उजेड तिच्या तोंडावर हलत असायचा. मग घरच्यांनी सूप भरलं. हिरव्या बांगड्या, खण, दहीभात, लिंबू. जे पाण्याचं असेल ते पाण्याला द्यायचं आणि मागे वळून न बघता घरी यायचं. परकरातल्या रखमाने आईच्या मागून ते सूप धरलं होतं. परत येईतो वहिनीचं मूल गेलं होतं, आणि पुढे वहिनीही गेली.

“उशीर केला आपण,” आई म्हणाली होती.

रखमाबाई ताक तसंच परत घेऊन गेल्या. ह्या खेपेला उशीर करायचा नाही, एवढं त्यांनी चुलीपाशी उभं राहून ठरवलं. पृथ्वीराजला सांगण्यात अर्थ नव्हता. तो हसला असता. नयनाला विचारण्यात तर त्याहून नव्हता. बाधलेल्या बाईला विचारून कुणी उतारा काढत नाही.

दुसऱ्या दिवशी पृथ्वीराज पहिल्या पाळीला गेला. गोळी घेऊन नयनाला झोप लागली तशी रखमाबाईंनी तिच्या उशीखालून ते खेळणं काढलं. काच काळी होती, पण ते आत आहे हे त्यांना ठाऊक होतं. हिरव्या खणात त्यांनी ते घट्ट गुंडाळलं, बाकीचं सामान सुपात मांडलं, वरून फडकं टाकलं आणि नाक्यावरून रिक्षा केली.

बडोद्यात मोठं पाणी म्हणजे विश्वामित्री. चैत्रात नदी आटून हिरवीकाळी झाली होती, जलपर्णीने निम्मी झाकली होती. पुलाजवळ महानगरपालिकेची पाटी होती. रखमाबाई पाटी एकेक अक्षर जोडत वाचायच्या. पण ह्या पाटीवर मगरीचं चित्रच काढलेलं होतं, वाचायचं काही उरलं नव्हतं. उतारावरून त्या जपून खाली गेल्या, काठावर वाकून सूप पाण्यावर सोडलं.

“बायांनो,” त्या म्हणाल्या, “तुमचं तुम्ही घ्या. आमचं आम्हाला ठेवा.”

आणि मागे न बघता वर आल्या. घरी येईतो त्यांना हलकं वाटत होतं. वाटेत त्यांनी नयनासाठी शहाळंसुद्धा घेतलं.

नयना जागी होती. उशा जमिनीवर पडल्या होत्या, चादर ओढून काढलेली होती.

“आईसाहेब, माझं ते कुठंय?”

“जिथलं तिथे पोचवलं.”

“जिथलं म्हणजे?”

“पाण्यातलं होतं ना? पाण्यात.”

आता आरडाओरडा होईल अशी रखमाबाईंनी तयारी ठेवली होती. उत्तरं तोंडात तयार होती. पण नयना ओरडली नाही. तिच्या ओठांवरचा रंग बघता बघता उतरला. “नदीत?” एवढंच तिने विचारलं आणि भिंतीकडे तोंड करून पडली. शहाळं तसंच राहिलं.

जेवणवेळ टळली तेव्हा तिने पहिल्यांदा मूठ तोंडात धरली. मग पुन्हा. कंबरेतून उठायचं, पोटाशी येऊन घट्ट व्हायचं, आणि ओसरायचं. रखमाबाईंनी स्वतः बाळंतपणं काढली होती. त्यांना कुणी काही सांगायची गरज नव्हती. रिफायनरीत फोन लावला, तो वाजतच राहिला. कोकिलाबेनच्या यजमानांनी मारुती काढली आणि तिला आडवी निजवून नर्सिंग होममध्ये नेलं.

डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं, रक्तदाब बघून कपाळाला आठ्या घातल्या.

“बाळाचे ठोके आहेत. पण कळा थांबायला हव्यात, माँजी. आत्ता बाळ बाहेर आलं तर…” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. “हिला कसला धक्का बसलाय का?”

रखमाबाईंजवळ ह्या जगातल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं. ह्या वेळी त्यांनी नुसती सुनेची चादर सारखी केली.

डॉक्टरीणबाई बाहेर गेल्या तशी नयनाने सासूचं मनगट पकडलं. तिचा हात बर्फासारखा होता.

“मी पैज लावली होती, आईसाहेब. मनातल्या मनात. ते अंडं जोपर्यंत माझ्याकडे आहे तोपर्यंत हेही राहील. ते नीट फुटलं की हेही नीट होईल. मला चालायचं नव्हतं, म्हणून ती मुलगी चालत होती. माझ्या वाटचं.” तिला कळ आली, ती तिने ओसरू दिली. “आता ते बुडालं. आता हेही जाणार.”

“एम.कॉम. झालीस ना गं तू?” रखमाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

“मग काय करू? मागच्या दोन्ही वेळी डॉक्टरांचं सगळं ऐकलं होतं की!”

 रखमाबाई उठल्या, कोपऱ्यातली छत्री घेतली, बाहेर बाकावर बसलेल्या शेजारणीला हाक मारली. “कोकिलाबेन, हिच्यापाशी बसा. हात सोडू नका हिचा.”

रिक्षात बसल्यावर त्यांना खरी भीती कळली. मगरीची नव्हे. दिलेला उतारा परत घ्यायचा नसतो. आसरांना नुसतं दिलं नाही तर त्या रागावतात. देऊन हिसकावून घेतलं तर काय करतात, हे सांगायला कुणी मागे उरत नाही, असं माहेरची माणसं बोलायची. परत आणलं तर त्या लेकरू नेतील. नाही आणलं तर ही पोरगी स्वतःच्या भीतीनेच त्याला बाहेर लोटेल. दोन्हीकडून तेच एक लेकरू पणाला लागलं होतं, आणि लावलं होतं त्यांनीच.

“बाया, माझ्यावर काढा,” रिक्षाचा दांडा धरून त्या पुटपुटत होत्या. “जे काय काढायचं ते माझ्यावर काढा. मी म्हातारी आहे, मी चालेन तुम्हाला.”

“बा, कंई कह्युं?” रिक्षावाल्याने विचारलं.

“तुला नाही. तू पुढे बघ.”

ऊन तिरपं झालं होतं. पुलाजवळ रिक्षा थांबली आणि त्या उताराकडे निघाल्या तसा रिक्षावाला खाली उतरला. “बा, नीचे ना जशो! ईंडां मूकवाना दिवस छे. मगर कांठो छोडती नथी.”

“तिने अंडी घातलेली असोत, मी पण काठ सोडणार नाही,” रखमाबाई म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

सूप वाहून गेलं नव्हतं. थोडंसं खाली जलपर्णीत अडकून कललं होतं. दहीभात कावळ्यांनी संपवला होता, बांगड्या गेल्या होत्या. हिरव्या खणाची पुरचुंडी तेवढी कडेला लटकत होती, अर्धी पाण्यात. आणि तिच्या पलीकडे, चिखलाचा एक लांबट ओंडका पडला होता.

ओंडक्याने डोळा उघडला.

रखमाबाई जिथे होत्या तिथे थिजल्या. पिवळा डोळा, मधे उभी चीर. तो डोळा त्यांच्याकडे बघत होता, घाई नसल्यासारखा. त्यांना वाटलं, आपण पाय उचलला तर तेही उचलेल.  पळावं, एवढंच सगळं अंग सांगत होतं.

“ए,” त्या म्हणाल्या. आवाज फाटला. त्यांनी पुन्हा लावला, मोलकरणीला झापायचा तो. “ए, सरक तिकडे! तुझं मला काही नको आहे. माझं आहे ते घेऊन जाते.”

मगर सरकली. पण मागे नव्हे. आवाज न करता पुढे पाण्यात घसरली, आणि पाणी वरून मिटलं.

ती दिसत होती तेव्हा परवडली होती. आता नुसतं हिरवं पाणी होतं, आणि ते कुठूनही हललं नाही. छत्रीची मूठ सुपापर्यंत पोचेना. रखमाबाईंनी लुगड्याचा काठ खोचला आणि एक पाऊल चिखलात टाकलं. पाय घोट्यापर्यंत आत गेला. दुसरं टाकलं. पोटरीला काहीतरी मऊ, लांब घासून गेलं.  जलपर्णीची मुळं होती. मुळंच असावीत. छत्रीची मूठ सुपाच्या कडेत अडकली, त्यांनी ओढलं, ते फिरलं, पुरचुंडी सुटून पाण्यात पडली आणि त्यांनी कोपरापर्यंत हात घालून ती पकडली.

शेजारी पाण्यात बुडबुडे आले.

मग साठी उलटलेली शिलेदारांची सून चार पायांवर तो उतार चढली. सूप गेलं, छत्री गेली, एक चप्पल चिखलात राहिली. वरून रिक्षावाल्याने दंडाला धरून ओढलं. मागे बघायचं नसतं, तरी त्यांनी बघितलं. त्या आत्ता जिथे उभ्या होत्या, बरोबर तिथे, पाण्यावर दोन उंचवटे होते. क्षणभर राहिले आणि बुडाले.

रिक्षात त्यांनी पुरचुंडी सोडली. खेळण्यातून गढूळ पाणी गळत होतं. त्यांनी पदराने पुसलं, सगळी बटणं दाबली, पालथं करून झटकलं. काच काळीच.

“ऊठ रे बाबा,” त्या गुलमाराला म्हणाल्या. “मी वाईट बोलले तुला. ऊठ.”

ते उठलं नाही. नर्सिंग होमच्या जिन्यापर्यंत त्यांच्या मनात येत राहिलं, की सापडलं नाही म्हणून सांगावं. वाहून गेलं म्हणावं, समुद्राकडे गेलं म्हणावं. तेवढं सुख तरी तिला राहील. पण खोटं बोलण्याइतका दम त्यांच्यात उरला नव्हता.

पाळी संपवून पृथ्वीराज आला होता. आईचे चिखलाचे पाय आणि एक चप्पल बघून तो उभाच राहिला. “आईसाहेब, हे काय? कुठे पडलात?”

“तू गप्प बस.” त्यांनी खेळणं नयनाच्या हातात ठेवलं.

नयनाने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. बराच वेळ अंगठा तिथेच रुतवून धरला. काचेत तिचाच चेहरा दिसत होता, दुसरं काही नाही. तिचा श्वास भराभर चढायला लागला. संपलं, रखमाबाईंना वाटलं. आपल्या हाताने संपवलं.

त्याच वेळी डॉक्टरीणबाई आत आल्या. काही न विचारता त्यांनी नयनाच्या पोटाला थंड मलम लावलं, त्यावर खोक्याला जोडलेला एक दांडा फिरवायला सुरुवात केली. खोक्यातून नुसती खरखर येत होती. दांडा डावीकडे गेला, खाली गेला. खरखर. पृथ्वीराजने पलंगाचा कठडा धरला. डॉक्टरीणबाईंनी हात जरा तिरपा केला, आणि खोलीभर आवाज झाला. धडधड, धडधड, धडधड. टणक रस्त्यावरून घोडा चौखूर सुटावा तसा.

“मजेत आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “कळांमधलं अंतरही वाढलंय. आजची रात्र जाऊ दे, मग पुढचं बोलू.” आणि त्या दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

 मग रखमाबाईंनी ते मेलेलं खेळणं नयनाच्या हातातून काढून घेतलं.

“हे कधी बुडालं?” त्यांनी विचारलं.

“सकाळी.”

“आणि तो घोडा आत्ता पळत होता ना? ऐकलास ना? मग ह्याचा आणि त्याचा संबंध काय गं?”

नयनाने डोळे पुसले. तिने सासूच्या पायांकडे बघितलं, चिखलाकडे, अनवाणी पावलाकडे. “आणि तुमच्या आसरांचा आणि त्याचा संबंध काय, आईसाहेब?”

 ह्या घरात असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. रखमाबाईंनी ते खेळणं पदरात गुंडाळलं.

“त्या वेगळ्या,” शेवटी त्या म्हणाल्या. “त्यांचं मी बघते.”

कळ आली. नयनाने डोळे मिटले, पण ह्या वेळी मूठ तोंडात घातली नाही. सासूचा हात धरला आणि नखं रुतवली. रखमाबाईंनी हात सोडवला नाही. कळ गेली. मागच्यापेक्षा लहान होती, दोघींनाही कळलं. पुढची येईल की नाही, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. रखमाबाईंनी स्टूल ओढलं, चिखलासकट त्यावर बसल्या, आणि मोठ्याने, पृथ्वीराजला आणि बाहेरच्या नर्सलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या:

“नयना, तू शिकलेली असशील, पण तुझ्यात अक्कल नाही. दोन लेकरं गेली तेव्हा तू एकटी रडलीस, मी एकटी रडले, आणि सकाळी उठून दोघी एकमेकींना चहात साखर पुरेशी आहे का विचारत बसलो. हा गुन्हा तुझा. माझाही असेल, पण तू धाकटी आहेस, म्हणून मी तो तुझ्याच पदरात घालते. आता ऐक. भीती वाटली की ती खेळण्याला सांगायची नाही, भिंतीला सांगायची नाही, मला सांगायची. मी झोपले असले तर उठवायचं, चिडले तर चिडू द्यायचं, पण सांगायची. माझ्या घरात सून एकटी घाबरलेली मला चालायची नाही.”